अर्जुनाचे जू

धनुष्य कसे करावे, हे मला आजही सांगता येणार नाही. ते का मोडते, हे मात्र खुशाल विचारा. या विषयात माझ्याइतका अधिकारी माणूस आख्ख्या साकोली तहसिलीत सापडणार नाही, आणि हा अधिकार मी पोथ्या वाचून मिळवलेला नाही. एकेक धनुष्य स्वतःच्या हाताने मोडून मिळवला आहे. म्हणजे सगळीच मी मोडली असे नाही. एक बैलाने मोडले. पण ते पुढे येईलच.

सुरुवात माझ्या जिभेने केली. आमच्याकडे दिवाळी सरली, हलके धान कापून झाले, की गावोगाव मंडई भरते. भर दुपारी दंडार उभी राहते, जिलेबीच्या कढया लागतात, लेकी-जावई आणि सोयरेधायरे गाड्या जुंपून येतात, आणि नाटक बघता बघता दोन-चार लग्नेही जुळून जातात. छप्पन सालच्या मंडईत आमच्या गावाने द्रौपदीचे स्वयंवर लावले होते. उंच बल्लीवर मासा टांगला होता. मासा खरा, नवेगावच्या बांधावरून सकाळीच आणलेला चांगला हातभर रोहू. कारण आमच्या लोकांना कागदाचा मासा चालत नाही, त्यांना माशातले कळते. आणि अशा मत्स्यावर नेम धरायला अर्जुनाच्या हातात काय, तर बांबूची कामटी आणि सुतळी! अर्जुनाने ती ताणली तेव्हा तिचा आकार धनुष्यापेक्षा भाकरी उलटायच्या उलथण्यासारखा झाला. बाण दोन पावलांवर पडला. पडद्यामागच्या माणसाने दोरी सोडली म्हणून मासा खाली आला, नाहीतर पांडव अविवाहित राहिले असते.

दुसऱ्या दिवशी हिरालालच्या किराणा दुकानासमोर बसून मी म्हणालो, "गांडीव म्हणजे काय गंमत आहे? धनुष्य लाकडाचे पाहिजे. अस्सल लाकडाचे."

समोर भैयाजी बसले होते. भैयाजी म्हणजे गावचे मोठे धानवाले आणि दंडारीचे कर्तेधर्ते. द्रुपदाचे काम तेच करत. त्यांनी पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "मंग पुढच्या साली तुमीच करा ना, गुरुजी. तुमाले एवढं समजते तं."

"करीन की! त्यात काय?"

एवढेच. माणसाला परमेश्वराने बत्तीस दात दिले आहेत ते जीभ अडवायला, पण माझे सगळे दात त्या वेळी पानात गुंतले होते.

भैयाजी हे विसरून गेले असते. मीही विसरलोच होतो. पण मी राहत होतो देवकाबाईंच्या घरी, आणि देवकाबाई काही विसरत नाहीत. मी जनपद सभेच्या शाळेत मास्तर, आईवडील तिकडे तुमसरला. माझे लग्न जमवण्याची कामगिरी त्यांनी घरमालकिणीवरच सोपवली होती. आखाडीच्या सुमारास बाईंनी मला गाडीत घातले आणि कोहमाऱ्याकडे मुलगी पाहायला नेले.

मुलीचे वडील सेवकराम पाटील. स्वतः नांगर धरणारे, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्यांनी माझा पगार ऐकून घेतला आणि म्हणाले, "पगार समजला. हातानं काय येते?"

"अक्षर सुवाच्य आहे," मी म्हणालो.

"नांगर?"

"नाही."

"खाट विणता?"

"नाही."

"छपराची कवेलू फिरवता?"

दाराआड कोणीतरी हसले. अगदी मोकळे, पोटातून आलेले हसू. तोंडावर पदर घेऊन हसतात तसले नव्हे. माझे कान तापले. तेवढ्यात देवकाबाई गरजल्या, "अजी पाटील, काय विचारून राहिले तुमी? आमचे गुरुजी तं धनुष्य करून राहिले, धनुष्य! अख्ख्या लाकडाचं! मंडईले या, आपल्या डोयानं पाहा!"

सेवकरामांनी मला वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिले. "असं म्हणता? मंग मंडईलेच सांगतो काय थे."

मग ती चहा घेऊन आली. प्रेमिला. कप माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "अन् मोडलं तं, गुरुजी?"

"मोडणार नाही," मी छाती काढून सांगितले. छाती काढताना चहा धोतरावर सांडला. ती पुन्हा हसली.

खरे सांगतो, मुलगी मला फार आवडली. परतीच्या वाटेवर चिखलात गाडी तीनदा रुतली, आणि तिन्ही वेळा खाली उतरून चाक ढकलताना मी एकटाच हसत होतो. देवकाबाईंना वाटले ताप भरला. घरी पोचल्यावर मी ठरवून टाकले: धनुष्य करायचे. मंडईपर्यंत करायचे आणि असे करायचे, की सेवकराम पाटलांचे पंजे थंड पडले पाहिजेत.

पहिला सल्ला हिरालालने दिला. हिरालाल दुकान चालवी आणि दंडारीत द्रौपदी होई. चांगल्या झुबकेदार मिशा होत्या त्याला, आणि मंडईच्या सकाळपर्यंत तो त्या उतरवायला तयार नसे. "सागवान घ्या, गुरुजी," तो म्हणाला. "सागवानाले वाळवी लागत नाही." धनुष्याला वाळवी लागण्याइतका वेळ मिळतो कोठे, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. माझ्या खाटेची एक पाटी, म्हणजे बाजूचा लांब दांडा, जुन्या सागवानाची होती. ती मी काढली. मागून आणलेल्या रंध्याने चार संध्याकाळ ती अशी गुळगुळीत केली, की देवकाबाईंनी तिच्यात तोंड पाहिले आणि कुंकू सारखे केले. मग दोरी लावली, गुडघा टेकवला आणि जरासे, अगदी जरासेच वाकवले.

कडाड!

आवाज ऐकून शेजारची म्हैस उठून उभी राहिली. मी तुकडे दिव्याजवळ नेऊन पाहिले तेव्हा कळले. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. माझ्या पाटीत त्या तिरक्या होत्या, आणि मी शोभेसाठी रंधा मारमारून त्या ठिकठिकाणी कापून टाकल्या होत्या. लाकडाला धरून ठेवायला काही उरलेच नव्हते. त्या दिवसापासून मी जमिनीवर झोपू लागलो.

मग मला वाटले, जाणकाराला विचारावे. सुकराम हा आमचा पोस्टमन, जंगलपट्टीतल्या गोंडाच्या घरचा. त्याला मी मोठ्या विश्वासाने गाठले आणि म्हणालो, "सुकराम, धनुष्य कसे करतात ते सांग बुवा."

सुकरामने सायकल भिंतीला टेकवली. "मले कायले विचारता?"

"नाही म्हणजे, तुमच्याकडे पिढीजात..."

"गुरुजी, तुमच्या आज्याले पोथी तोंडपाठ होती म्हणता. तुमाले येते का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आमच्या आज्याचं धनुष्य होतं. बापानं थे विकलं अन् ही सायकल घेतली. पंक्चर काढायचं असन तं सांगा." एवढे बोलून तो निघाला, मग काय वाटले कोणास ठाऊक, परत वळला आणि म्हणाला, "पण मोडणार असन तवा बलवा. मले पाहाचं हाय." आणि पुढच्या जवळपास प्रत्येक वेळी तो हजर राहिला. टपाल उशिरा पोचू लागल्याच्या तक्रारी त्याच सुमारास सुरू झाल्या.

लाकूड धामणीच्या झाडाचे पाहिजे, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होते. आमच्याकडे कावडीची दांडी धामणीची असते. दोन घागरींखाली वाकते, पण मोडत नाही. धामण मिळणार जंगलात आणि जंगलात हात लावायचा तर परवाना. म्हणून मी एका रविवारी जंगल खात्याच्या एका कचेरीत गेलो. कोणती, ते सांगत नाही. तिथले बाबू गोंदियाकडचे, बोलणे सगळे हिंदीत.

"मास्टरजी, काहे के लिए लकड़ी?"

"धनुष्यासाठी."

बाबूंनी चष्मा काढला. "धनुष? हल है, बखर है, गाड़ी है, जू है। धनुष किस खाते में डालूँ? हथियार लिखूँ तो आपको भंडारा जाना पड़ेगा, कलेक्टर साहब के पास।"

"ते नाटकाचे आहे हो."

"नाटक का तो खाता ही नहीं है।" मग ते आवाज उतरवून म्हणाले, "देखिए, पिछले साल तक हम मध्यप्रदेश में थे। तब निस्तार में, यानी गाँव के हक की लकड़ी में, किसान को जू मिलता था। अब बंबई राज आ गया। बंबई में जू होता है कि नहीं, ऊपर पूछा है, जवाब नहीं आया। जब तक नहीं आता, जू चालू है।" आणि त्यांनी लिहून टाकले: मनिराम लंजे, मास्तर, बैलांच्या जूसाठी धामणीचे एक लाकूड. मला बैल नाहीत हे मी सांगणार होतो, पण मंडई डोळ्यांपुढे आली आणि मी सही केली. अक्षर सुवाच्य होते.

लाकूड आले. उभे फाडून त्याचे दोन भाग केले. ओले लाकूड वाळायला महिने लागतात असे कोणी म्हणाले, तेव्हा भैयाजी हसले. त्यांच्या अंगणात धान उकडायची मोठी भट्टी होती. "गुरुजी, ओलं धान भट्टीवर ठेवतो, उन्हात टाकतो, दोन दिवसांत खडखडीत. धानाले जमते तं लाकडाले काऊन नाई जमत?" मला यात खोट काढता आली नाही. मी पदवीधर नसलो तरी नॉर्मल पास आहे. तरीसुद्धा नाही काढता आली. भट्टीच्या काठावर लाकूड ठेवले. दुपारी मी वर्गात पाढे घेत होतो, तेवढ्यात सुकराम खिडकीत येऊन म्हणाला, "गुरुजी, चला. सुरू झालं."

आम्ही पोचलो तोवर लाकूड दोन्ही टोकांकडून उलत होते. चर्र, चर्र, करत फट पुढे सरकत होती आणि भैयाजींच्या घरची माणसे भोवती उभी राहून पाहत होती. बाहेरचे अंग घाईने वाळून आखडले होते, आतले अजून ओलेच होते; मग मधल्या मध्ये काय होणार? धान उकडताना ते उकलते, हे भैयाजींच्या लक्षातच आले नव्हते. उकललेले धान पोटात जाते, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

दुसरा भाग मी शहाण्यासारखा देवकाबाईंच्या माळ्यावर सावलीत ठेवला. दीड महिना त्याच्याकडे कोणाला फिरकू दिले नाही. मग वाळलेल्या लाकडाची साल हळूच काढली, बाहेरच्या थराला रंधा लावला नाही, रेषा सांभाळल्या. दोन्ही टोके सारखी वाकेपर्यंत आतल्या अंगाने थोडे थोडे तासले. धनुष्य झाले! खरोखर झाले. मी दोरी चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. देवकाबाईंनी त्याला हळदकुंकू लावले. सुकराम निराश होऊन निघून गेला.

आणि दुसऱ्या दिवशी जंगलाचा गार्ड दारात उभा.

"मास्तर, तुमी जूसाठी लाकूड नेलं म्हणे. पाहाचं आहे. वरून हुकूम आहे, ज्या कामाले नेलं त्याच कामाले लावलं का थे पाहा म्हणून."

मी धनुष्य पटकन दाराआड सारले. पण देवकाबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "या ना साहेब, बसा, पाणी घ्या. बैलं गोठ्यात आहेत, जुंपूनच दाखवतो," त्या म्हणाल्या, आणि मला डोळ्याने खूण केली. मी धनुष्याची दोरी काढली. आम्ही दोघांनी ते त्यांच्या दोन बैलांच्या मानेवर आडवे ठेवले आणि शिवळांच्या, म्हणजे जुवाच्या खुंट्यांच्या, जागी दोन काड्या बांधल्या. गार्डाने लांबून मान वाकडी करून पाहिले.

"जू बारीक दिसते."

"बैलं गरीब आहेत," मी म्हणालो.

गार्डाला पटले, तो जायला वळलाच होता. पण ढवळ्या नावाच्या बैलाच्या कानावर माशी बसली. त्याने मान झटकली. तेवढेच. जो आवाज झाला तो ऐकून गार्ड परत वळला, आणि रस्त्याने चाललेला सुकराम सायकल टाकून धावत आला. त्याला वाटले, आपण नसताना मोडले.

"जू मोडलं," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या.

"मंग नवा अर्ज द्या," गार्ड म्हणाला. तो माणूस भला होता. त्यानेच सही केली, की यांचे जू माझ्यासमक्ष मोडले. त्या जोरावर मला धामणीचे दुसरे लाकूड मिळाले, आणि सरकारदरबारी केलेला माझा तो अर्ज शब्दशः खरा होता. धनुष्य लांबीच्या दिशेने वाकायला केलेले असते, त्याला मध्येच पीळ बसला की ते संपले, हे ज्ञान मात्र मला ढवळ्यामुळे मिळाले.

नव्या लाकडातून दोन धनुष्ये निघाली. एक तालमीसाठी, एक खास मंडईसाठी. घाई होती, पण भट्टीचे नाव मी कोणाला काढू दिले नाही. माळ्यावर धुराच्या उबेत, चुलीपासून लांब ठेवून ती पुरेशी वाळवली. तालमीचे धनुष्य टिकारामच्या हातात दिले. टिकाराम म्हणजे आमचा अर्जुन, गावचा पहिलवान. त्याला धनुष्य मिळाल्याचा इतका आनंद झाला, की तो बाण लावायचेच विसरला. नुसती दोरी ताणायची आणि सोडायची. टण्ण! "वाजते, गुरुजी! टणत्कार होते!" टण्ण! टण्ण! पोरेसोरे जमली, बायका जमल्या, प्रत्येकाला एकदा टणत्कार ऐकायचा होता. मी ओरडत होतो, "अरे, बाण लाव! रिकामे सोडू नको! तो जोर जातो कुठे मग?"

तो जोर लाकडात जातो. धनुष्य मोडले, आणि तो लाकडातून टिकारामच्या अंगठ्यात गेला. संध्याकाळी अंगठ्याला पोटीस बांधून तो भैयाजींपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी अर्जुन होत नाई. भीम होतो. भीमाले धनुष्य लागत नाई."

"मंग अर्जुन कोण?" भैयाजींनी विचारले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मी शाळामास्तर माणूस, मला शोभणार नाही. हिरालालने आपल्या मिशांवरून हात फिरवत मला न्याहाळले. "बृहन्नडा शोभान," तो म्हणाला. हे बोलतो कोण, तर द्रौपदी! मी रागाने अर्जुन व्हायला तयार झालो.

मंडईचा दिवस उजाडला. सकाळीच सेवकराम पाटलांची गाडी आली. पाटील, त्यांची बायको सुलोचनाबाई आणि प्रेमिला. मी मुकुट घालून तोंडाला गुलाबी रंग फासत होतो, म्हणून मला दाराआडूनच दर्शन घ्यावे लागले. हिरवे लुगडे नेसली होती ती. माझे धनुष्य आदल्या दिवशीच भैयाजींकडे पोचवले होते. जन्मात एवढी चांगली वस्तू मी केली नव्हती: दोन्ही अंगे सारखी वाकणारी, जवसाचे तेल पाजलेली, कुठे गाठ नाही, कुठे चीर नाही. एकदा वाटले, ते मागवून आणावे आणि पाटलांच्या हातात आताच द्यावे. पण म्हटले, नाही. सर्वांसमक्षच पाहू द्या.

मी पुढे झालो तेव्हा झांज वाजत होती, माणसे झाडांवरसुद्धा बसली होती. समोरच बाजेवर सेवकराम पाटील, गुडघ्यांवर दोन्ही पंजे ठेवून. डावीकडे बायका. भैयाजींनी द्रुपदाच्या आवाजात असे आव्हान दिले, की मागच्या रांगेतले तान्हे मूल रडू लागले. एकेक राजा येऊन पडून गेला. मग मी उठलो. दासाने धनुष्य आणून माझ्या हातात दिले. त्याला सोनेरी कागद गुंडाळला होता. ठीक आहे, म्हटले, शोभा पाहिजे. पण मुठीत धरले तेव्हा बोटांना काहीतरी टोचले. कागदाखाली ओळीने गोल गोल डोकी लागत होती.

मी ओठ न हलवता द्रौपदीला विचारले, "खिळे कोणी मारले?"

"मी," द्रौपदी लाजून म्हणाली. "कागद राहून नाई राहिला होता. पितळी आहेत, गुरुजी. गंजत नाईत."

मला घाम फुटला. ताणलेल्या बाजूला बाहेरच्या थरात खिळे म्हणजे प्रत्येक खिळ्यापाशी एक फट जन्माला आलेली. चार महिन्यांत मी दुसरे काही शिकलो नसेन, पण हे शिकलो होतो. मी मनाशी हिशेब केला: थोडेसेच ताणायचे, बाण सोडून द्यायचा, मासा तर पडद्यामागून सुकराम पाडणारच आहे. दोरी सोडायचे काम त्यानेच मागून घेतले होते. खूण ठरली होती, धनुष्याचा आवाज झाला की सोडायची. मी बाण लावला. वर पाहिले. रोहू शांतपणे फिरत होता. मी धनुष्य चार बोटे ताणले.

"अजून ओढा!" बाजेवरून सेवकराम पाटील म्हणाले.

मी सहा बोटे ताणले.

"अजून, अजून! लाकूड पाहू द्या!"

आता सासरा म्हणतो ओढा, अजून झाला नाही तरी सासराच तो, मग ओढणार नाही तर करणार काय? मी डोळे मिटले आणि कानापर्यंत ओढले.

कडाड!

असा आवाज एकाही धनुष्याने केला नव्हता. दोन तुकडे माझ्या दोन हातांत, बाण माझ्याच पायांवर. आणि आवाज झाला म्हणून पडद्यामागे सुकरामने इमानेइतबारे दोरी सोडली. हातभर रोहू वरून आला तो थेट द्रौपदीच्या मांडीवर. द्रौपदी "अगा बाप्पा!" म्हणून पुरुषी आवाजात ओरडली.

झांज थांबली. जिलेबीवाल्याचा झारा थांबला. मी त्या शांततेत उभा होतो, मुकुट डोळ्यावर आलेला, आणि मला फक्त सेवकराम पाटलांचे पंजे दिसत होते. संपले, म्हटले. कोहमाऱ्याचा रस्ता संपला. डोळ्यांत पाणी आले, ते गुलाबी रंगातून ओघळू लागले.

तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला. स्वच्छ, मोठा, सगळ्या मंडईला ऐकू जाईल असा.

"बाबा, यायनं तं धनुष्यबी मोडलं अन् मासाबी पाडला! सीताबी जिंकली अन् द्रौपदीबी! आता आणखी काय पायजे तुमाले?"

ती प्रेमिला होती. हिरव्या लुगड्यात उभी राहिलेली.

मग जो हशा पिकला तो मी जन्मभर विसरणार नाही. झाडावरची माणसे गळू लागली. टिकारामचा भीम गदा टाकून जमिनीवर लोळला. मलाही हसू आवरेना. मुकुट काढून मी तिथेच मटकन बसलो आणि पोट धरून हसलो. हिरालाल मासा कवटाळून विचारत होता, "अजी भैयाजी, मंग मी आता कोण? सीता का द्रौपदी?"

"चूप उभी राय!" भैयाजी म्हणाले, आणि मग त्यांच्यातला द्रुपद खरोखर जागा झाला. हात उभारून ते गर्जले, "हे वीरा! तू दोन पण एका दमात जिंकले! पण लक्षात ठेव, एकच पोरगी मिळन!" हिरालालने माळ घातली. माझ्या गळ्यात की माशाच्या, हे गर्दीत नीट कळले नाही.

संध्याकाळी पंगतीला तोच रोहू होता. सेवकराम पाटील माझ्या शेजारी बसले. रोहूचा काटा न काटा निवडून ते पोटभर जेवले. मग हात धुऊन त्यांनी धनुष्याचे दोन तुकडे मागवले, सोनेरी कागद ओरबाडून काढला आणि एका खिळ्यावर अंगठा ठेवला.

"हे कोणाचं डोस्कं?"

"द्रौपदीचे," मी म्हणालो.

"काम तं सरळ आहे तुमचं. याच्या अगोदर मोडलं होतं का?"

मी सगळे सांगितले. खाटेची पाटी, भट्टी, टणत्कार, आणि प्रत्येक का मोडले तेही. पाटील मान हलवत ऐकत होते. बैलाच्या जूपाशी आलो, गार्ड आणि "बैलं गरीब आहेत" हे सांगितले, तेव्हा त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागले, शेवटी सुलोचनाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. श्वास आल्यावर ते देवकाबाईंना म्हणाले, "तिथी पाहा, बाई. पोट्टीनं अख्ख्या मंडईसमोर सांगून टाकलं. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

लग्नात त्यांनी मला आंदण म्हणून खाट दिली. चारही पाट्या धामणीच्या, स्वतः विणलेली. देताना एवढेच म्हणाले, "याची पाटी काढायची नाई."

काढली नाही. त्या शेवटच्या धनुष्याचा एक तुकडा सुकराम आठवण म्हणून घेऊन गेला. दुसरा आमच्या स्वयंपाकघरात आहे. प्रेमिला त्याने आंबाडीची भाजी घोटते. इतकी वर्षे झाली, त्याला साधी चीरसुद्धा गेलेली नाही. मी एकदा म्हणालो, "पाहिलेस? माझ्या हातचे लाकूड आहे." तर ती म्हणाली, "म्हणूनच तुमाले हात लावू देत नाई."